चौदाव्या दिवसाचा वारा

माझ्या दादाला देशातला एकूण एक चढ पाठ आहे, आणि त्यातला एकही त्यानं चढलेला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथे लिहायला माझ्या बापाचं काय जातं?

दादा सायकलच्या सहली आखतो. सुट्टी काढून सायकलवरून देश बघणारे हौशी लोक असतात ना, त्यांनी कुठल्या दिवशी कुठून कुठे जायचं, पाणी कुठे भरायचं, कुत्री कुठे मागे लागतात, हे सगळं त्यांना कागदावर उतरवून द्यायचं. त्याची सगळ्यात मोठी सहल सतरा दिवसांची आहे. बर्फाच्या डोंगरातून निघायचं, मग जंगल, मग उघडं माळरान, मग लाल मातीचे घाट, आणि चौदाव्या दिवशी आमच्या शहरावरून समुद्राकडे वळायचं. कंपनीत त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणतात.

आणि हा नकाशा बसतो कुठे, तर मागच्या खोलीत, आईच्या खाटेला खुर्ची लावून. आईची नजर गेली त्याला अकरा वर्षं झाली, पाय त्यानंतर गेले. आठवड्यातून एकदा शेजारच्या काकू येऊन बसतात, तेवढ्यात तो कंपनीत जाऊन कागद देऊन येतो. बाकी सगळं फोनवर. रस्त्यावरचे पंक्चरवाले, पेट्रोलपंपावरची माणसं, टपरीवाल्या बायका, सगळ्यांशी त्याची दोस्ती. ‘मावशी, एक तांब्या पाणी ओता ना रस्त्यावर. कुठल्या बाजूला वाहतंय?’ असं विचारून हा उतार ठरवणार! ट्रक वर येताना कितव्या गिअरला ओरडतो, त्यावरून चढ. मी म्हणायचे, ‘दादा, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला.’ तो म्हणायचा, ‘शेळ्या पोचतात ना? मग झालं तर.’

पण नुसतं फोनवर भागवणारा तो नाही. खाटेच्या पायथ्याशी लोखंडी स्टँडवर त्याची सायकल चढवलेली असायची, मागचं चाक अधांतरी. प्रत्येक दिवसाचा रस्ता तो तिथे चालवायचा. घाट आला की चाकावर जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा आवळायचा, उतार आला की सैल करायचा. घामाघूम व्हायचा, घड्याळ बघायचा आणि लिहायचा, ‘साडेचार तास.’ चाकाची घरघर चालू असली की आई गप्प पडून राहायची. घरघर थांबली की लगेच, ‘आहेस का रे?’

‘आहे.’

दिवसातून शंभर वेळा. माझे कान किटायचे, आणि मी वर्षातून दोनदा येणारी. मी लग्न करून सुटले. हो, सुटले हाच शब्द बरोबर आहे. उगाच साखर कशाला पेरू?

गेल्या हिवाळ्यात कंपनीच्या मालकीणबाईंचा मला फोन आला. आवाज तापलेला. चौदाव्या दिवशी सहलीतल्या लोकांचे हाल झाले होते. कागदावर साडेचार तास, लागले नऊ. दोन बायकांना टेम्पोत घालून आणावं लागलं. सगळ्यांची एकच तक्रार, समोरून वारा इतका की सायकल उभी राहीना, आणि कागदावर वाऱ्याचं नाव नाही.

‘ताई, खरं सांगा. तुमच्या भावानं तो किनारा कधी चालवलाय का?’

मी आईचं दुखणं सांगायला लागले. त्यांनी ओळखलंच. किनाऱ्याचे चार दिवस स्वतः चालवून कागद नव्यानं लिहा, नाहीतर रस्ते दुसऱ्या कुणाला देते आणि नकाशाला फोन घ्यायला बसवते, असं त्यांनी साफ सांगितलं. बाई वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर त्याला हाकललंच असतं.

एवढं सगळं विचारणाऱ्या माणसाला वारा विचारायचं सुचलं नव्हतं. सुचणार कुठून? मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि आईला गार लागतं म्हणून तीही कायम लावलेली.

मी शिलाईचं दुकान बंद ठेवलं आणि चार दिवसांसाठी आले. दादा ढिम्म. ‘आईला जमणार नाही तुझ्याकडून.’

‘का? मी काय दत्तक आलेय?’

‘तसं नाही गं.’

‘मग कसं? अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून पायडल मारतोयस, त्याची लाज नाही वाटत? जा की एकदाचा! आणि खबरदार फोन केलास तर. चार दिवस मला तुझा आवाज नको.’

सकाळी सहाला त्यानं सायकल स्टँडवरून उतरवली. चाकाला जमीन लागली तेव्हा तो जरा बावचळला, दारातच कलंडला. पन्नाशीचा माणूस, पोरासारखा लाजला. मग गेला. गल्लीच्या टोकाला वळताना त्यानं मागे बघितलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

‘आहेस का रे?’ आत शिरले तर आईचं सुरू.

‘दादा बाहेर गेलाय. मी आहे.’

‘तू कोण?’

‘अगं मी. धाकटी.’

‘धाकटी सासरी असते,’ आई म्हणाली.

मी चहा पाजला, केस विंचरले, लहानपणच्या गोष्टी काढल्या. कशानंही भागेना. सात वाजले, आठ वाजले. ‘आहेस का रे?’ हाक मोठी होत गेली, मग बारीक झाली, मग आई नुसती हातानं गादी चाचपत राहिली. चाक फिरवून आवाज करावा तर सायकलच नव्हती, स्टँड रिकामा. अकरा वर्षं त्यानं हे काढलं होतं, आणि मला अडीच तास निघेनात. पावणेनऊला फोन मीच लावला. त्याला दम भरणारी मीच.

त्यानं पहिल्या रिंगला उचलला. आणि हसत होता! ‘अगं, वारा! धाकटे, मला मागे ढकलतोय हा! मिठागरं लागली, समुद्र दिसतोय, आणि मला पुढे जाता येईना! चड्डीत वारा, कानात वारा!’ इतका मोठ्यानं हसलेला दादा मी शाळेत असताना ऐकला होता. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मी तो आईच्या कानाला लावला.

‘आहेस का रे?’

‘आहे गं आई! आहे!’

फोनमधून वारा नुसता घोंघावत होता. आईनं मान आखडून घेतली. ‘खिडकी कुणी उघडली? गार वारा येतोय. लाव ना रे.’

मी पांघरूण ओढलं, म्हटलं, ‘आई, खिडकी बंद आहे.’ ती थरथरायलाच लागली. खरोखर, दात वाजत होते. ‘लाव ना रे. थंडी वाजतेय मला. लाव ना.’

पलीकडून दादा म्हणाला, ‘लावतो हं, आई. आलोच.’

मी दहा वेळा फोन केला, शिव्या द्यायला. घेतला नाही.

साडेदहाला तो दारात. तोंड लाल, केस उभे, ओठांवर मीठ. माझ्याकडे न बघता मागच्या खोलीत गेला. खिडकी बंदच होती. त्यानं ती उघडली आणि धाडकन लावली, कडी वाजवून. ‘लावली गं, आई.’

‘हं,’ म्हणाली, आणि झोपली.

मी भांडले. अजून तीन दिवस आहेत, उद्या परत जा, मी फोन करणार नाही, शपथ. त्यानं ऐकून घेतलं. मग कागद पुढे ओढला आणि चौदाव्या दिवसाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘वारा समोरून. पहिले एकतीस किलोमीटर.’

‘आणि पुढे?’

‘पुढचं कुणीतरी जाऊन बघेल,’ दादा म्हणाला, आणि सायकल उचलून स्टँडवर चढवायला लागला. एकट्याला जमत नव्हतं. मागचं चाक मी धरलं.

खरं सांगायचं तर माझ्याकडे तीन दिवस होते. तीनच का, हवं तर महिना होता. दुकान काय पळून जाणार होतं? पण मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरली. गल्लीत आले तोवर घरघर सुरू झाली होती, मग थांबली.

‘आहेस का रे?’

‘आहे.’

मी पाय उचलले. मला बस गाठायची होती.