स्की हव्यात, पण त्यांचे कागद नकोत

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

इथे श्रूजबरी गावात आमच्या शेजारच्या रूथ आजी घर विकून मुलीकडे चालल्यात. त्यांचे यजमान हयात असताना गोठलेल्या तळ्यांवर छोटं विमान उतरवायचे. त्या विमानाला चाकांऐवजी लावायच्या जुन्या स्की आणि त्यांच्या कागदपत्रांची फाइल आजींनी जपून ठेवलीय. आज आम्ही दोघींनी सगळं व्हॅनमध्ये घालून एका छोट्या म्युझियममध्ये नेलं.

तिथल्या माणसाने स्की ठेवून घेतल्या आणि फाइल सरळ रीसायकलिंगच्या डब्यात टाकली. म्हणाला, "भिंतीवर टांगायला कागद कशाला?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "प्रत्येक दुरुस्ती माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलीय. कागद नसतील तर नियमाप्रमाणे या स्की कुणाला विमानाला लावता येणार नाहीत."

"आता कोण लावतंय?" तो हसला.

मी डब्यात हात घालून फाइल काढली आणि स्की परत व्हॅनमध्ये चढवल्या. घरी येईपर्यंत आजींनी फाइल मांडीवर धरून ठेवली होती.

आता सगळं आमच्या गराजमध्ये आहे. एका म्हाताऱ्या बाईचं दोन मिनिटं ऐकून घेणं इतकं जड जातं का यार? आणि मेन राज्यात किंवा अलास्कात बर्फावर विमान उतरवणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?