तीन पायाच्या मशीनची राखण

आटपाट नगर म्हणावं एवढं काही आमचं गाव मोठं न्हाई. कनेरगाव नाका. हिंगोली-वाशीम रस्त्यावर चार धाबे, टायरची दुकानं, बाकी सगळी वावरं. तिथं एक होती रेखा, माझी नात. एक होता परसराम, तांड्यावरचा, चालायला लागला की थांबायचं नाव न्हाई. एक होतं तीन पायाचं मशीन. अन् त्या मशीनची राखण करणारी एक म्हातारी होती. ती मी, गोदाबाई.

किस्से काही गोळा करावे लागत न्हाईत. वावरातून फिरून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात ना, तसं हाय ते. आपण गेलेलो असतो कामाला. घरी येऊन बसलं की एकेक सापडतं अन् टोचतं! मला लिवता येत न्हाई. मी सांगून राहिले, रेखा टाईप करून राहिली. मधीच म्हणती, "आजी, हे नको." मी म्हणते, "तू नुसती बोटं चालव!"

आधी मशीन काय ते सांगते. रेखानं डिप्लोमा केला अन् धाब्याच्या बाजूच्या खोलीत मोजणीचं हापिस टाकलं. मशीन सेकंडहँड. जमिनीत खुंटी ठोकायची, तिच्यावर तीन पायाचा स्टँड, अन् स्टँडवर उलट्या टोपलीसारखं ते पांढरं मशीन. वर आकाशात सॅटेलाईट फिरत्यात. हे तासन्‌तास त्यांचं ऐकतं अन् लिवून ठेवतं. त्यावरून त्या खुंटीचा ठाव निघतो, पार बोटाच्या पेरापर्यंत बराबर. तसंच दुसरं मशीन काठीवर लावून परसराम बांध-कालवे फिरतो. पण खुंटीवरचं हलू द्यायचं न्हाई. म्हणून राखण. म्हणून मी.

तकलीफ एकच. मशीन लिवतं ते आपल्या माहेरच्या बोलीत. ज्या कंपनीचं मशीन, तिच्याच कम्प्युटरला ते कळतं. सासरी कोणालाच कळत न्हाई. मग रेखा ते सगळं उलथून एका फाईलीत बसवती. तिचं नाव रायनेक्स. ती फाईल कोणत्याबी कंपनीचा कम्प्युटर वाचतो. लग्नाच्या पत्रिकेवर कसं वर नाव-गाव-ठिकाण असतं, तसं हिच्यात वर लिवावं लागतं: खुंटी कुठली, बसलं कोण, मशीन खुंटीपासून किती उंच. ते चुकलं की खालचं सगळं वाया.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं काम घेतलेल्या एका कंपनीचे साहेब होते. ते रेखाला म्हणाले, "तीन ठिकाणं, तीन फाईली. रायनेक्सच पाहिजे. एक चुकली तर पुन्हा करू देईन. दुसरी चुकली तर शहरातली पार्टी बोलावीन. तिन्ही बसल्या तर अख्खा कालवा तुमचा."

अन् रेखानं घरात सांगून टाकलं होतं, "हे न्हाई जमलं तर हापिस बंद. मी पुण्याला नोकरी बघते." नुसतं सांगितलं न्हाई, निळी बॅग बी घेऊन ठेवली होती. माझ्या खाटेखाली!

*

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कोणी केला? मीच!

दहा वाजता मशीन उभं केलं. रेखा म्हणाली, "आजी, जवळच बस. कोणाला हात लावू देऊ नको." म्या कोणाला हात लावू दिला न्हाई. पण बारा वाजता ऊन असं तापलं, असं तापलं, की जमिनीवर पाय ठरेना. आता आमच्यात दारी आलेल्याला उन्हात उभं ठेवत न्हाईत. मग तो पाहुणा असो का कोणाचा बैल असो. मी बघितलं, बिचारं एकटं तापून राहिलंय. उचललं अन् लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं. पाणी बी पाजलं असतं, पण तोंड सापडलं न्हाई!

संध्याकाळी रेखानं फाईल केली अन् कम्प्युटरकडं बघतच राहिली.

"आजी, मशीन हललं का?"

"न्हाई बाई. मशीन कशाला हलतंय?"

परसराम म्हणाला, "मग काय खुंटी वीस हात चालत गेली?"

"मशीन हललं न्हाई," म्या म्हणलं, "म्या हलवलं."

मला वाटलं, आता रेखा रडती. तिनं फोन उचलला अन् साहेबाला खरं काय ते सांगून टाकलं. साहेबांचा आवाज मोठा, मला बी ऐकू आला.

"सावलीत नेलं? का हो?"

"ऊन लागत होतं, सर."

"कोणाला?"

"मशीनला."

साहेब म्हणाले, "एक झाली."

त्या दिवशी मी जेवले न्हाई. खाटेखालची बॅग मला रात्रभर टोचली.

*

दुसऱ्या दिवशी तीच खुंटी, तेच ऊन. या वेळेला मी लिंबाखाली, मशीन उन्हात! जागा औंढ्याच्या रस्त्याला लागून. नागनाथाला निघालेली एक जीप थांबली. एक बाई उतरली, मोबाईल वर धरून.

"मावशी, हे टॉवर हाय का? रेंजच येऊन न्हाई राहिली."

"न्हाई बाई. हे नुसतं ऐकतं. बोलत न्हाई."

"दिवसभर?"

"दिवसभर. एक शब्द उलटून बोलत न्हाई. ऐकलेलं सगळं ध्यानात ठेवतं."

बाईनं जीपमधल्या नवऱ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, अन् हळूच म्हणाली, "मावशी, हे कुठं मिळतंय?"

*

ती फाईल बसली. रेखानं उलथवली, कंपनीच्या कम्प्युटरनं पहिल्या झटक्यात वाचली! परसरामनं धाब्यावरून भजे आणले. खाता खाता फाईलीत डोकावला अन् थबकला.

"ताई, हे पहाटे चार काहून लिवलंय? आपण तर साडेनवाला चालू केलं. चारला तर मी झोपलेलो!"

रेखानं सांगितलं, फाईलीतली वेळ सगळ्या जगासाठी एकच धरतात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं. म्हणून साडेनवाचे चार.

म्या म्हणलं, "चाळीस वर्षं चारला उठून जात्यावर दळलं, तवा कोणी लिवून ठेवलं न्हाई. आता साडेनवाला आरामात बसले तर चार लिवून राहिलेत! राहू दे. मागची बाकी फिटली समज."

*

परसरामचं एक सांगायचं राहिलं. दुसरी खुंटी होती ती झुडपात. दिवसभर काठी घेऊन काट्यातून फिरला, पाय रक्तानं भरले. कंपनीचा एक पोरगा इंजिनेर बुटात उभा होता. म्हणाला, "तुम्हाला ह्या कामाची सवय दिसते."

परसराम म्हणाला, "असणारच की! माझ्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहिलं, हैदराबादेपातूर. त्याला रस्ते तोंडपाठ. मी काठीवर आभाळ वाहून राहिलो. वजन कमी हाय, पण रस्ता तोच!"

इंजिनेरानं बूट काढला अन् त्यातला खडा झटकला. मग दिवस मावळेपर्यंत परसरामच्या मागं मागं.

*

दुसरी फाईल बी बसली. पण साहेबांचा फोन आला.

"फाईल चांगली आहे. पण वर निरीक्षक म्हणून नाव आहे, गोदावरीबाई. ह्या कोण? रेकॉर्डला शिक्षण लागेल. कुठल्या कॉलेजच्या?"

फाईलीत विचारतात, मशीनजवळ बसलं कोण. बसले मी. म्हणून रेखानं माझंच नाव घातलेलं! पोरगी खोटं लिवत न्हाई.

रेखा म्हणाली, "सर, कॉलेज न्हाई. पण अनुभव सत्तर वर्षांचा हाय."

"सर्व्हेचा?"

"राखणीचा."

साहेब म्हणाले, "ह्या त्याच का, सावलीवाल्या?"

"त्याच, सर."

"बरं," साहेब म्हणाले. नाव काही काढायला लावलं न्हाई.

*

आता तिसरी. सिद्धेश्वरच्या बाजूला, कालव्याच्या काठावर, काळ्या मातीत. ही बसली की झालं, अन् न्हाई बसली की बॅग.

उंची मोजायची रीत अशी: मशीनच्या अंगावर एक रेघ असती. खुंटीच्या डोक्यापासून त्या रेघेपर्यंत तिरपा टेप लावायचा. रेखा त्या टायमाला बॅटरी बदलत होती. परसरामनं टेप लावला, मिलिमीटरचा आकडा मोठ्यानं म्हणला, अन् वही गाडीत म्हणून पेनानं तळहातावर लिवला.

मग दुपारी कालव्यावर हात धुतले अन् भाकर खाल्ली.

संध्याकाळी हापिसात रेखानं फाईल उघडली. "परसरामदादा, उंची सांगा."

परसरामनं तळहात उघडला. हात असा लख्ख, की तांड्यावर कधी एवढा लख्ख नसंल! स्टँड मोडून गाडीत भरलेला. मशीन डब्यात. आता मोजायचं काय?

"उंची चुकली तर कालव्याचं सगळं लेव्हल चुकतं," रेखा म्हणाली. "पाणी उलटं चढंल." तिनं कम्प्युटरचं झाकण हळूच खाली केलं. मला ते बॅगेचं झाकण वाटलं.

परसराम म्हणाला, "ताई, पंधराशे काहीतरी..."

"सोळाशे बारा," म्या म्हणलं.

दोघं बी माझ्याकडं वळले.

"तू मोठ्यानं म्हणलास ना? सोळाशे बारा. मला लिवता येत न्हाई, म्हणून मी लगेच गाठोडं बांधते. सोळा सोमवार, बारा ज्योतिर्लिंगं. कालव्यावर उभं राहून नागनाथाकडं तोंड करून म्हणलं होतं मनात."

रेखा म्हणाली, "आजी, माझा विश्वास हाय. पण साहेब पुरावा मागतील. नुसत्या आठवणीवर मी फाईलीत आकडा कसा घालू?"

"नुसत्या आठवणीवर कोण म्हणतंय?"

म्या कमरेची चंची काढली. सुपारीखालून दोरा काढला, रेखाच्याच पेटीतला, ओळंब्याचा, न ताणणारा नायलॉनचा. एका टोकाला फास, दुसरीकडं गाठ.

"त्या सावलीच्या दिवसापासून माझा माझ्यावर भरवसा उरला न्हाई," म्या म्हणलं. "काळी माती खचती. म्हणून रोज मशीन उभं राहिलं की फास खुंटीला अडकवते, रेघेपर्यंत ताणते अन् गाठ मारते. मग दर तासाला लावून बघते, खचलं का म्हणून. आज सात वेळा बघितलं. खचलं न्हाई."

रेखानं टेबलावर टेप पसरला. परसरामनं एक टोक धरलं, म्या दुसरं. रेखा वाकली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकली.

"सोळाशे बारा," म्हणाली.

अन् तिथंच टेबलावर डोकं ठेवून हसत राहिली.

*

आठ दिवसांनी साहेब स्वतः आले, आपलं मशीन घेऊन. धरणाजवळ एक जुना दगड हाय, त्याच्यावर त्याची उंची कोरलेली. साहेब म्हणाले, "माझं मशीन इथं लावून, तुमच्या तिन्ही फाईलींवरून ह्या दगडाची उंची काढली आहे. आता बघू."

तो बूटवाला इंजिनेर आकडे वाचत गेला, साहेब दगडावर बोट ठेवून बघत गेले. आमची कोणाची पापणी हलेना. कालव्याचं पाणी तेवढं वाहत होतं.

साहेबांनी बोट उचललं. "बराबर आहे," म्हणाले. "ज्वारीच्या दाण्याएवढा फरक. एवढा तर माझ्या मशीनचा बी असतो."

साहेब पहिल्यांदाच 'बी' म्हणाले!

"रेखाताई, अख्खा कालवा तुमचा. पार शेवटच्या पाटापर्यंत."

परसरामनं काठी हवेत फेकली अन् मशीन तिच्यावर हाय हे आठवून पळत जाऊन झेलली. रेखा माझ्याजवळ आली. "आजी, ती निळी बॅग मोकळी कर. बॅटऱ्या ठेवायला लागती."

साहेबांनी गाडीतून एक कागद काढला. "एवढा फॉर्म भरला की झालं. तिसऱ्या ठिकाणची उंची कशानं तपासली? कोणतं साधन? त्याचं सर्टिफिकेट असतं, शेवटची तपासणी कधी झाली ते लिहावं लागतं."

रेखानं माझ्याकडं बघितलं. म्या चंची सोडली, दोरा साहेबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो ताणला, गाठ अंगठ्यानं चाचपली, दोरा पुन्हा ताणला. मला म्हणाले, "हा मी दोन मिनिटं धरतो, चालेल?"

"धरा. पण गाठ सोडू नका."

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला अन् आपल्या हातानं लिवलं. मला वाचता येत न्हाई, म्हणून परसराम मोठ्यानं वाचून राहिला:

"साधन: दोरा, एक गाठ. शेवटची तपासणी: दर तासाला."