दूधविनायकला घर बघताना

घर शोधायला निघालं की घर मिळो न मिळो, किस्से मात्र पोतंभर जमतात. आणि शोधायचं काशीत असेल तर विचारूच नका! रेल्वेतून रिटायर झालो, दोन महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. भावाने पुण्यात जेवढ्यात पार्किंग घेतलं, तेवढ्यात इथे गल्लीत जुनं घर येत होतं. मी आणि बायको मंगल, दलाल मिश्राजींच्या मागे फिरू लागलो.

*

पहिलं घर दुर्गाघाटावर. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ. "हे काय?"

"बाढ़ का निशान," मिश्राजी म्हणाले.

पुराची खूण! मंगलचा चेहरा उतरला. मिश्राजी मात्र खुशीत! "भाभीजी, आपको घाट तक जाना ही नहीं पड़ेगा. गंगा मैया ख़ुद आती हैं!"

*

दुसऱ्या घराच्या गल्लीत मी आडवा होऊन शिरलो. आत बघतो तर केवढा थोरला शिसवी पलंग! मला राहवेना. "हा आत आणला कसा?"

"लाया नहीं, बढ़ई ने यहीं बनाया," मालक म्हणाले.

"सुताराने इथेच केला, मग नेणार कसा?"

"ले क्यों जाएँगे? हमने भी मकान पलंग के साथ ही लिया था!"

*

तिसऱ्या घरात चौकातच महादेवाची पिंड. घर आपलं, पण महादेव मोहल्ल्याचे. रोज पहाटे शेजारीपाजारी तांब्या घेऊन पाणी घालायला येणार.

"कितीजण?"

"ज़्यादा नहीं," मिश्राजी म्हणाले. "चालीस-पचास."

मंगल माझ्या कानाशी लागली, "अहो, आपण पारोसे, आणि घरात पन्नास माणसं!"

*

चौथं दूधविनायक मोहल्ल्यात, एका मराठी काकूंचं. जन्म इथलाच, वय ऐंशीच्या पुढे. गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून मुलगी त्यांना पुण्याला नेत होती. घर बघताक्षणी आवडलं. पण काकूंनी आधीची दोन गिऱ्हाइकं परत पाठवलेली!

काकू म्हणाल्या, "एकच शर्त आहे. कागदावर नको, तोंडी पुरे. पुण्यात राहीन हो मी. पण मरायचं मला काशीतच. डॉक्टरने हात टेकले की येईन. तेव्हा ही मधली खोली द्याल? फार दिवस नाही अडवणार."

मिश्राजी जमिनीकडे बघत राहिले. माझे तर डोळेच भरून आले.

मंगल म्हणाली, "काकू, तुम्हाला चहात साखर किती लागते?"

"डॉक्टरने बंद केली आहे गं," काकू म्हणाल्या. "पण तेव्हा दोन चमचे घाल!"