पांढरी बुरशी, काळी बुरशी

निमोण्याकडच्या एका वाडीतल्या डेअरीवरचा क्लार्क प्रत्येक गोष्टीचा वास घेतो. दुधाचा घेतो ते ठीक, पण चहाचा आणि नोटिशीचाही घेतो. दूधदरासाठी मी लिहिलेलं जळजळीत पत्रक हुंगून तो एवढंच म्हणाला, "शाई चांगली हाय."

सध्या त्याला एकच वेड आहे. गव्हाचं काड भिजवायचं, त्यात मातीतल्या उपयोगी बुरशीची पावडर मिसळायची आणि झाकून ठेवायचं. बुरशीने काड मऊ पडतं आणि जनावरांना पचतं. चार म्हशींचे मालक आप्पा रोज डिवचायचे, "काय रे, आज कुणाला नासकं चारलंस?"

"तुमच्यासाठी वाटीभर ठेवलंय, आप्पा!"

परवा डेअरीसमोर सगळ्यांना दाखवायला त्याने ढीग उघडला. पांढऱ्या बुरशीत मध्येच काळे डाग निघाले. डेअरीचे चेअरमन त्याच्या कानाशी लागले, "वरचं काढून टाक. फोटो उरकू."

त्याने मूठभर काड हुंगून त्यांच्यापुढे धरलं. "मग पहिली पाटी तुमच्या म्हशीला घालू?"

चेअरमननी नाकाला रुमाल लावला.

"माझं चुकलं," तो मोठ्याने सगळ्यांना म्हणाला. "पानी जास्त झालं. ह्ये काळं जनावराला घालायचं न्हाई." आणि एकटाच सगळा ढीग खालच्या ताडपत्रीसकट उकिरड्याकडे ओढू लागला.

माझ्या एकाही पत्रकात 'माझं चुकलं' हे शब्द नाहीत.

आप्पा पुढे आले. मग ताडपत्रीचं दुसरं टोक धरत म्हणाले, "पुढच्या बारीला काड माझं घे. आन् पानी मी शिंपडनार, तुला जमत न्हाई."