बापूचं काय चुकलं?

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याकडच्या खंडाळ्याला कारखान्यात पाळीवर होतो. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता ते सांगायचं राहिलं… मित्र गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. त्याची मला लाज वाटते.

इस्लामपूरच्या स्टँडमागे बापूचं गॅरेज. आमची दोस्ती शाळेपासूनची. जुन्या मोटारसायकलीचं दुखणं तो धुरावरून सांगायचा. एकदा माझ्या गाडीच्या मागून खंबाटकी घाट चढून उतरला आणि खाली येऊन म्हणाला, "चढाला धूर न्हाई. उताराला मूठ सोडून परत पिळली की निळा धूर येतोय. पिस्टनच्या रिंगा चांगल्या हायत, गाईड गेलंय गड्या." व्हॉल्व्ह ज्या नळीत वरखाली होतो ते गाईड, ते सैल झालं की इंजिन ऑइल पिऊ लागतं. त्यानं नवं बसवलं. सहा महिन्यांत पुन्हा धूर. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. बापूच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्यामुळे तो पार हादरला. ऑइलची वाट तपासली, व्हॉल्व्हची दांडी तपासली. एअर फिल्टर उघडून म्हणाला, "ह्यो तर लय स्वच्छ हाय."

स्वच्छ असणारच. चढाला गाडीनं जोर धरावा म्हणून मी तो काढून घरी ठेवायचो आणि बापूकडे जायच्या आदल्या दिवशी परत बसवायचो. रस्त्याची सगळी धूळ इंजिनात जात होती. पहिल्यांदा शिव्या खायला नकोत म्हणून गप्प बसलो. नंतर त्याचा उतरलेला चेहरा बघून तोंडच उघडेना. "माझाच हात चुकतोय रं," म्हणत त्यानं इंजिन खोलायचं सोडून दिलं. शेवटची दोन वर्षं तो नुसती पंक्चर काढत होता… आणि मी शेजारी बसून त्याचा चहा पीत होतो.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी खिडकीतली एक डबी आणून माझ्या हातात दिली. आत माझ्याच गाडीची झिजलेली गाईडं. "रोज उजेडात धरून बघायचे, भावजी. माझं काय चुकलं, म्हणायचे." मग मी सगळं सांगितलं, थांबत थांबत… वहिनी चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"आवं, मग त्यांना सांगायचं हुतं की," एवढंच म्हणाल्या.

डबी आता माझ्याकडे आहे. सकाळी हात आपोआप तिच्याकडे जातो. खिडकीशी उभा राहून मीही त्यातली एक नळी उजेडात धरतो. काय चुकलं ते मला माहीत आहे… तरी बघत राहतो.