कॉम्प्युटरच्या खोलीतले सर

"आधी ठरवा, मग दाबा," असं म्हणत सर मुलांचा हात हलकेच बाजूला करायचे. नव्वदच्या सुमारास आमच्या जळगावच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा भूगोलाच्या या सरांनी त्यावर स्वतः एक खेळ लिहिला होता. पडद्यावर केळीची बाग. पाणी किती, खत किती, घड कधी कापायचे, हे आठवीच्या वर्गाने ठरवायचं. कळ एक जण दाबी, सतरंजीवरचे बाकीचे भांडत.

"पाणी नको, मुळं कुजतील."

"तुझ्या बापाची बाग आहे का?"

"बापाचीच शे."

मी तिथे कारकून. एकदा दारातून पाहताना राहवलं नाही. म्हणालो, "सर, नफ्यात ट्रकचं भाडं धरलेलं नाही." सर हसले आणि त्याच दिवशी भाडं घातलं.

दसऱ्याला संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे नानांनी, कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं कळांवरच. दुसऱ्या दिवशी पाण्याची कळ दबली ती वर येईना. आठवीची बाग पडद्यावर बुडाली. सरांनी टाचणीने तांदळाचे दाणे काढले. नाना मात्र म्हणाले, "पोरांच्या हातानं बिघडतं. आता सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही."

धूळ येते म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद झाल्या. पगारपत्रकं, निकाल, नानांच्या घरच्या लग्नाच्या निमंत्रणांचे पत्ते, सगळं त्या खोलीत येऊ लागलं. खेळ उरला शनिवारी अर्धा तास. मुलं ओरडून सांगत, कळ सर दाबत.

सरांचं कुटुंब धुळ्याला होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, करणारी बायको एकटी. संस्थेच्या धुळ्याच्या शाळेत जागाही रिकामी होती. नाना बदलीचा अर्ज वाचत आणि परत देत. "तुम्ही गेले तर हे कोण चालवील? दुसरा तयार करा, लगेच सोडतो."

सर शिक्षकांना शिकवू लागले. एकालाही येईना. बीजगणित शिकवणारे गृहस्थ चहा पिताना मला म्हणाले, "भाऊ, इथं ज्याला आलं तो अडकला."

शेवटी सरांनी मला बसवलं. माझ्या सुरुवातीच्या सगळ्या बागा वाळल्या. "फार काटकसर करता, भाऊ. केळीला पाणी लागतं."

मग नाना परीक्षा घ्यायला आले. "चालवा," म्हणाले. सर बंद खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तेव्हा शाळा सुटली की सरळ घरी जाऊन मुलीचा अभ्यास घेत असे. एक चुकीची कळ पुरली असती. सगळ्यांनी तेच केलं होतं आणि कोणी त्यांना बोल लावला नव्हता.

मी पगारपत्रक काढून दाखवलं. बेरीज बरोबर होती.

"जमलं की," नाना म्हणाले. सर चष्मा पुसत राहिले.

बदलीचा कागद हाती आल्यावर मी त्यांना धुळ्याच्या बसपर्यंत पोचवलं. पेटी वर ठेवून खाली उतरलो आणि खिडकीशी गेलो, तर सरांना झोप लागली होती. डोकं गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. कंडक्टरने घंटा मारली तरी जाग आली नाही. मी उठवलं नाही. निकालांचं काम पडलं होतं, म्हणून बस फाटकाबाहेर वळताच परत फिरलो.