व्हिडिओ गेमची पूजा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, तेवढं माफ करावं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ब्राह्मणपाऱ्यात एक माणूस व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. तिथे सगळी पोरंच बसायची, माझ्या पोरींना पाठवणार कसं? म्हणून दसऱ्याला मी एक गेम भाड्याने घरी आणला. भाडं वेगळं आणि पाचशे रुपये अनामत. ते शिलाईचे साठवलेले होते, ह्यांना न सांगता दिले. कॅसेट देताना तो माणूस तिच्यात फुंकर मारायचा आणि चष्म्यासारखी शर्टाला पुसायचा.

दसऱ्याला शिलाई मशीनची पूजा केली, तशी त्या गेमचीही केली. हळदकुंकू, अक्षता सगळं वाहिलं. नंतर गेम चालेचना. पोरी रडकुंडीला आल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पाचशे यायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. गेमचा डबा पुढे केला. त्याने तो उलटा करून हलकी थाप मारली. कॅसेटच्या खाचेतून कुंकवाचे तांदूळ काउंटरवर पडले. पोरं खिदळली.

"काहून हसून राहिले बे?" तो म्हणाला. "तुम्ही हरले का याले बुक्क्या मारता. ताईनं पूजा केली."

त्याने गेम लावून पाहिला, चालला. वरचं कुंकू त्याने पुसलं नाही. गल्ला उघडून पुरते पाचशे माझ्या हातावर ठेवले.